काचेमागचा सभामंडप

बुवा उंबऱ्याशी आले आणि थांबले.

उंबरा खरा नव्हता. बुवांच्या पडवीत टेबलावर हेमांगीने पुण्याहून आणलेला कॉम्प्युटर होता, त्याच्या काचेमागे आमच्या लक्ष्मीनारायणाचा सभामंडप उभा होता आणि बुवांच्या डाव्या पंजाखाली माउस होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. माउस पुढे सरकवला की मंडपात पुढे जायचं, वळवला की वळायचं, इतकंच शिकायचं होतं आणि तेवढं ते शिकले होते. ते आत शिरले, दोन्ही बाजूंचे खांब पाहिले, वरची हंडी पाहिली. ओळखीचं हसू चेहऱ्यावर आलं. मग त्यांनी समोर पाहिलं आणि ते हसू गेलं. माउस सोडून त्यांनी तळहात उभा धरला आणि हवेतच एका बाजूला लोटल्यासारखा केला.

"हे," ते म्हणाले. "हे... नको."

"काय नको, बुवा?" हेमांगी त्यांच्या खुर्चीशी वाकली. "उजेड जास्त होतोय का? डोकं गरगरतंय?"

बुवांनी मान हलवली, पुन्हा तीच खूण केली, मग कंटाळून उठले आणि भिंतीचा आधार घेत आत झोपाळ्यावर जाऊन बसले.

माई, म्हणजे बुवांच्या पत्नी, चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी एक कप हेमांगीपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. "कालही असंच झालं," त्या म्हणाल्या. "दारापर्यंत जातात आणि परततात. लग्नघरी बोलावणं नसल्यासारखे."

हेमांगी हसली, पण मला ते हसणं बरं नाही वाटलं. शनिवार जवळ आला होता.

आता इतक्या वर्षांनी सांगायचं तर दामोदरबुवा लोवलेकर कोण, हे आधी सांगायला हवं. आमच्या पंचक्रोशीत त्यांचं कीर्तन ऐकलं नाही असा कान नव्हता. माघातल्या उत्सवाची सांगता करणारं जे शेवटचं कीर्तन, ज्याला आम्ही लळीत म्हणतो, ते त्यांचं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि संध्याकाळी त्यांच्या मागे पेटीवर बसायचो. बुवांची पाठ, पगडीचा मागचा झुपका, खांद्यावरून दिसणारी गाभाऱ्यातली समई, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं दृश्य. नमनाला उभे राहिले की ते मागे न बघता डावा हात जरासा मागे करायचे आणि म्हणायचे, "वसंतराव, सूर द्या." मी सूर द्यायचो. त्यानंतर ते देवाचे आणि मी त्यांचा.

आदल्या श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात अर्धामुर्धा राहिला, पण खरा घाव दुसरीकडेच बसला होता. नावं गेली. माणसांची, वस्तूंची, गावांची, देवांचीसुद्धा. पाणी हवं असलं तरी "हे", माई दिसली तरी "हे". अक्षरं वाचता येईनात. कागद धरला की मुंग्या बघितल्यासारखे बघत राहायचे. मी रोज जायचो. मीही "हे"च झालो होतो. मी म्हणायचो, बुवा, नावात काय ठेवलंय. घरी जाताना मात्र वाटेत जरा थांबायचो.

आणि तरीही एक आश्चर्य होतं. ओळीची सुरुवात कानावर पडली की पुढचं सगळं पद त्यांच्या गळ्यातून जसंच्या तसं यायचं. एकही शब्द न अडखळता, ताना-पलट्यांसकट. ज्या माणसाला "भात" म्हणता येत नव्हतं तो देवाची स्तुती पानंच्या पानं गायचा. डॉक्टरांनी सांगितलं, गाणं मेंदूच्या दुसऱ्या खोलीत राहतं. मला ते पटलं. देवाने घर जाळलं, पण देवघर ठेवलं.

प्रश्न इतकाच होता की ती सुरुवात त्यांना कुणी द्यायची. मी वर्षानुवर्षं त्यांची कीर्तनं टेपवर घेतली होती. हेमांगी दिवाळीला आली तेव्हा तिने त्या सगळ्या कॅसेटी मी शाळेतून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवून दिल्या, पदं वेगळी, आख्यानं वेगळी. बुवांनी आपली आपण ऐकावीत, सोबत म्हणावीत, म्हणजे माघापर्यंत तयारी होईल. पण पडद्यावर दिसायच्या त्या सगळ्या एकसारख्या पिवळ्या थैल्या, ज्यांना फोल्डर म्हणतात, आणि त्यांच्याखाली नावं. नावं तर गेलेली. बुवा त्या थैल्यांकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि लाजल्यासारखे होऊन मान खाली घालायचे. तो माणूस कधी कुणापुढे मान खाली घालणारा नव्हता.

देवस्थानचा कारभारी अण्णा पित्रे वरून कोरडा, पण आतून बुवांवर जीव असलेला. तो एकदा मला देवळाच्या पायरीवर अडवून म्हणाला, "वसंता, मला सरळ सांग. लळिताला बुवा उभे राहतील का?"

मी म्हटलं, राहतील.

"राहतील हे तू सांगतोयस की तुझी पेटी सांगतेय? चिपळूणच्या बुवांना मला निरोप द्यायचाय. त्यांनाही इतर ठिकाणची बोलावणी असतात. आणि खरं सांगू, मंडपात भरल्या माणसांत बुवांचं हसं झालेलं मला बघवणार नाही. त्यापेक्षा आरतीला पुढे उभे करू, शाल देऊ, मानाने घरी पाठवू."

शाल देऊन मानाने घरी पाठवायचं म्हणजे काय, ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी मुदत मागितली. तो म्हणाला, शनिवार. त्यानंतर मला विचारू नकोस.

मग मी हेमांगीला फोन केला, आणि ती पुण्याहून आपला आख्खा कॉम्प्युटर एसटीत मांडीवर घेऊन आली.

हेमांगी शेट्ये ही आमच्याच गावची, माझी विद्यार्थिनी. तिच्या वडिलांचं सोन्याचांदीचं लहानसं दुकान होतं. चित्रकलेत यथातथाच, पण वस्तू मागून कशी दिसेल हे विचारून मला हैराण करायची. मी माठ काढायला सांगितला की हिचा प्रश्न, "सर, मागे काय आहे?" पुण्यात ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिथे तिने दोन वर्षं एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. ते पिवळ्या थैल्यांचं सपाट अंगण मोडायचं आणि त्या जागी खोली आणायची. माणसाने पडद्याकडे बघायचं नाही, पडद्यात शिरायचं. कपाटाशी जायचं, खिडकीशी जायचं, आपण ठेवलेली वस्तू आपण ठेवली त्या कोपऱ्यातून उचलायची.

पडवीत वायरी जोडता जोडता ती मला समजावत होती. "काका, या पडद्याला आमच्या धंद्यात टेबल म्हणतात, डेस्कटॉप. पण खऱ्या टेबलावर कागद ठेवला की त्याच्यामागे काहीतरी असतं. खाली काहीतरी असतं. माणूस म्हणतो, अरे, ते तिकडे पलीकडे ठेवलंय. इथे पलीकडे नाहीच. सगळं अलीकडेच."

"मग कंपनीने घेतली का तुझी खोली?"

"नाही घेतली. साहेब म्हणाले, माणसाला त्याचं काम हवं असतं, फेरफटका नको. चुकीचं नव्हतं त्यांचं. लोक माझ्या खोलीत शिरायचे, इकडेतिकडे बघायचे आणि हरवायचे. मी मलाच विचारत राहिले की असं का होतंय."

मग ती जे बोलली ते मी अजून विसरलो नाही. ती म्हणाली, "ही खोली मी पुण्यात नाही शिकले, काका. ती मला बुवांनी दाखवली."

मला लगेच आठवलं. त्या वेळी ही सात-आठ वर्षांची असेल. बुवा पोह्यांचं आख्यान लावायचे. तो गरीब ब्राह्मण, त्याची झोपडी, बायकोने मागून आणलेल्या पोह्यांची पुरचुंडी, आणि राजा झालेला त्याचा मित्र. झोपडी ते नेहमी घंटेजवळच्या खांबाशी उभी करायचे. नुसत्या हाताने. इथे भिंत, इथे दार, असं म्हणायचेसुद्धा नाहीत. पण आत जायचं झालं की दर वेळी त्याच जागी मान वाकवायचे, कारण दार ठेंगणं. राजवाड्यात जाताना मान ताठ. एका वर्षी तात्या खोत उशिरा आले आणि जागा शोधत नेमके त्या खांबाजवळून आडवे निघाले. पुढे बसलेली ही पोर मोठ्याने म्हणाली, "अहो, भिंत आहे तिथे."

सगळा मंडप हसला. बुवा हसले नाहीत. कीर्तन थांबवून ते तात्यांना म्हणाले, "तिला दिसतेय. तात्या, दाराने या." आणि तात्या खोतांसारखा आडदांड माणूस वळसा घालून, त्या नसलेल्या दारातून, चक्क मान वाकवून आत आला आणि खाली बसला. त्या दिवशी मंडपातल्या प्रत्येकाला ती झोपडी दिसली. कीर्तन म्हणजे दुसरं काय असतं?

तर अशी ही हेमांगी. तिने आता तेच काचेमागे करायचं ठरवलं. खोली कुणाचीही नको, बुवांचीच हवी. म्हणून सभामंडप. खांब, हंड्या, कमान ही चित्रं मी काढून दिली; तिने ती उभी केली, त्यांच्यामागे पलीकडे आणलं. पदांना आणि आख्यानांना नावं नाहीत, वस्तू. पोह्यांची पुरचुंडी. थाळीला चिकटलेलं भाजीचं पान. कमळ. धुमसणारा खांब. वस्तूपाशी जाऊन बोट दाबलं की बुवांचाच आवाज, त्यांच्याच तरुणपणातला, सुरुवात द्यायचा. चार दिवस ती मुलगी जेवायलासुद्धा ताट टेबलाशी घेऊन बसली. मी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, हिच्या हाताला यश दे.

आणि बुवा उंबऱ्यावरून परतत होते.

पहिल्या दिवशी तिने चाल हळू केली. दुसऱ्या दिवशी उजेड मंद केला. खांबांची जाडी बदलली, फरशीवरची नक्षी काढून टाकली, कारण नक्षीने डोळे फिरतात. दर वेळी बुवा आत यायचे, हसायचे, समोर बघायचे, तळहाताने हवा लोटायचे. मला तर वाटू लागलं की अण्णाचंच खरं. यंत्राच्या पोटात देऊळ बसवायला गेलो हेच चुकलं असेल. शुक्रवारी दुपारी मी तसं बोलूनही दाखवलं. मी म्हटलं, बाळ, तू केलंस त्याला तोड नाही, पण सोड आता. शाल घेऊ दे त्यांना.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, त्यांना खोली ओळखू येतेय. ओळखीच्या घरात माणूस उगाच दाराशी थांबत नाही. काहीतरी आहे."

संध्याकाळी माई बुवांना देवळात घेऊन निघाल्या, रोजच्यासारख्या. हेमांगीला मी बळेच सोबत घेतलं. म्हटलं, मोकळ्या हवेत ये, डोळे लाल झालेत तुझे.

देवळात उत्सवाची तयारी चालू होती. मंडपवाल्यांनी जाजमांच्या गुंडाळ्या आणून टाकल्या होत्या आणि माणसं चहाला गेली होती. बुवा आत आले. दोन्हीकडचे खांब बघितले. मग समोर बघितलं आणि थांबले. तळहात उभा धरला आणि बाजूला लोटला.

"हे... नको."

जाजमांच्या गुंडाळ्या मंडपाच्या बरोबर मधोमध पडल्या होत्या. बुवा माईंचा हात सोडून पुढे झाले आणि त्या अर्ध्यामुर्ध्या हाताने, पायाने, जमेल तसं एक गुंडाळी बाजूला ढकलू लागले. मी धावलो, दुसरी मी ओढली. आमच्या देवळात ती वाट मोकळी असतेच. कीर्तनकार दाराच्या अंगाला, देवाकडे तोंड करून उभा राहतो. श्रोते दोन्ही हातांना बसतात. आणि मधली वाट गाभाऱ्यापर्यंत रिकामी ठेवायची. माणूस देवाला ऐकवत असतो, मध्ये कुणी येऊ नये. कितीही गर्दी झाली, दाराबाहेर माणसं उभी राहिली, तरी त्या वाटेवर कुणी बसत नाही. पोरं बसली तर मीच पेटीवरून डोळे वटारतो.

वाट मोकळी झाली. बुवांनी गाभाऱ्यातली समई बघितली, हात जोडायला गेले, एकच हात छातीशी आला. मग ते सहज पुढे चालत गेले.

मी मागे वळलो तर हेमांगी उंबऱ्यावर बसलेली होती, दोन्ही हात डोक्याला लावून.

"काय झालं गं?"

"चौरंग," ती म्हणाली. "काका, मी चौरंग ठेवलाय तिथे."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. काचेमागच्या मंडपात, बरोबर मधोमध, तिने एक देखणा चौरंग मांडला होता आणि त्याच्यावर पोह्यांची पुरचुंडी. त्यांच्या धंद्यातला पहिला धडाच तो म्हणे, की जे सगळ्यात जास्त लागणार ते समोर, अगदी नाकासमोर ठेवायचं. लळिताला पोह्यांचं आख्यान लागणार, म्हणून ते समोर. मीच तो चौरंग काढून दिला होता, पायांना वाघनखं काढून. तिने लहानपणापासून ती वाट रिकामी बघितली होती, मी तर आयुष्यभर त्या वाटेची राखण केली होती, आणि आम्हा दोघांनाही पडद्यावर ती वाट दिसली नाही. आम्हाला तो पडदा होता. बुवांना ते देऊळ होतं.

"त्यांना खोलीत हरवायला होत नव्हतं," हेमांगी म्हणाली. "ते देवाच्या आड येणारं ओलांडत नव्हते."

समोर एक माणूस, ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, एवढी एक रीत सांभाळून उभा होता. आणि ही मुलगी, दोन वर्षांचं शिकलेलं आणि चार दिवसांचं केलेलं मोडायला निघाली होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळहळ नव्हती, आनंद होता. दोघांपैकी कुणाच्या पाया पडावं असा मला प्रश्न पडला.

घरी येऊन तिने चौरंग काढून टाकला. नुसता चौरंग नाही, मधलं सगळंच काढलं. रांगोळी, दिव्याची कमान, जे जे तिने हौसेने मांडलं होतं ते. दारापासून समईपर्यंत काही नाही. मग बुवांना बोलावलं. ते आले, खुर्चीत बसले, माउसवर हात ठेवला. आत शिरले. समोर बघितलं.

माई पदराने हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

बुवा थेट समईपर्यंत गेले. कुठेही न थांबता. तिथे माउस सोडून हात छातीशी नेला. मग पुन्हा माउस धरला, मागे वळले आणि दोन्हीकडे काय काय मांडलंय ते बघत, ओसरीवर फिरल्यासारखे फिरू लागले.

हेमांगी हातात ती पुरचुंडी घेऊन, म्हणजे माउसवर धरून, त्यांना म्हणाली, "बुवा, ही कुठे ठेवू?"

त्यांनी बोट केलं. घंटेजवळचा खांब.

"झोपडी तिथेच होती, काका," ती मला म्हणाली. मी मान वळवून अंगणाकडे बघत राहिलो.

शनिवारी अण्णा पित्रे पडवीत येऊन बसला. बुवांनी पुरचुंडीला हात लावला, कॉम्प्युटरमधून त्यांचाच वीस वर्षांपूर्वीचा आवाज आला, त्याला आजचा आवाज मिळाला, आणि मग त्यांनी कॉम्प्युटरचा आवाज बारीक करायची खूण केली आणि एकटेच गायले. अण्णा बराच वेळ उपरण्याने चष्मा पुसत बसला. शेवटी म्हणाला, "हे यंत्र कीर्तनाला मंडपात आणायचं नाही, सांगून ठेवतो. देवापुढे वायरी नकोत."

"नाही आणणार," हेमांगी म्हणाली.

"मग मध्येच अडले तर?"

तरीही अण्णाने उठता उठता चिपळूणला निरोप पाठवत नाही असं सांगितलं, आणि माईंना म्हणाला, "वहिनी, अंगरखा धुवायला काढा."

लळिताच्या दिवशी मंडप भरून दाराबाहेर माणसं उभी होती. काही प्रेमाने आली होती, काही नुसतीच बघायला. मधली वाट रिकामी. बुवा अंगरखा-पगडी घालून उभे राहिले, उजव्या हातात झांज पेलेना म्हणून ती माईंनी मांडीवर धरली. मी पेटी पुढे ओढली. बुवांनी मागे न बघता डावा हात जरासा मागे केला. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मी सूर दिला.

नमन झालं. पूर्वरंगात निरूपण बोलायचं असतं, ते त्यांच्याने होणार नव्हतं; त्यांनी एकामागून एक पदंच गायली, ते लोकांना पुरलं. मध्यंतरात नामगजर झाला, अण्णाने हार घातला, बुक्का लावला. मग आख्यान सुरू झालं. जी गोष्ट ते शब्दांनी सांगायचे ती हाताने, चेहऱ्याने आणि पदांनी सांगत होते. राजवाडा उजवीकडे उभा राहिला. दोन मित्रांची शाळा झाली. आणि ब्राह्मणाची बायको पोहे बांधायला बसली तिथे बुवा थांबले.

पद संपलं होतं आणि पुढचं येत नव्हतं. तबला दोन-चार आवर्तनं तसाच चालला, मग तोही बिचकला. मला पुढची ओळ येत होती, जिभेवर होती. मी दिली असती तर त्यांनी घेतलीही असती, पण मंडपाला कळलं असतं की बुवांना आता मागून ओळ द्यावी लागते. मी पेटीचा सूर धरून ठेवला. दुसरं काही केलं नाही. बाजूला कुणीतरी च्च केलं. अण्णाने मान खाली घातली.

बुवा वळले. समोरच्या रिकाम्या वाटेवर पाय न देता, कडेकडेने, घंटेजवळच्या खांबाकडे चालू लागले. तिथे बायका-पोरं बसली होती. त्यांच्यात हेमांगी होती. बुवा जवळ येताना तिने हळूच पाय आखडून घेतले आणि शेजारच्या मुलीला सरकवलं; वीतभर जागा झाली. बुवा तिथे आले आणि त्यांनी मान वाकवली.

ठेंगण्या दारातून आत गेल्यासारखी. त्यांनी खांबाच्या बुंध्याशी हात नेला, जसा तो काचेमागे इतके दिवस नेत होते, आणि काहीतरी उचललं. पोह्यांची पुरचुंडी मंडपातल्या सगळ्यांना दिसली. पद सुरू झालं.

त्यानंतर ते कुठेच अडले नाहीत. आख्यानाची प्रत्येक पुढची जागा मंडपातच होती, तिथे ते चालत गेले आणि पद तिथे त्यांची वाट बघत होतं. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे. आरतीनंतर तात्या खोत, आता पार म्हातारे झालेले, डोळे पुसत मला म्हणाले, "वसंता, झोपडी अजून आहे रे तिथे."

बुवांनी पुढची काही लळितं केली आणि एका चैत्रात, झोपाळ्यावर बसल्या बसल्या, देवाकडे गेले. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. मी त्याचं दुःख केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण देवाने जे परत दिलं होतं त्यापुढे ते मागणं मला शोभलं नसतं.

हेमांगी पुण्याला परत गेली. ती अजूनही खोल्या बांधते, आता अशाच माणसांसाठी, ज्यांची नावं हरवली आहेत. कुणासाठी स्वयंपाकघर, कुणासाठी शाळेचा वर्ग. पहिल्यांदा त्या घरी जाऊन बसते, काय कुठे ठेवायचं यापेक्षा काय कुठे ठेवायचं नाही ते विचारते. गेल्या उत्सवाला आली तेव्हा तिने माझ्यासाठी तो सभामंडप एका लहानशा कॉम्प्युटरवर घालून माझ्या घरी आणला.

मी आत शिरलो. समईपर्यंत गेलो. पुरचुंडीला हात लावून बुवांचा आवाज ऐकला. बराच वेळ तिथेच रमलो.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही मागे बघितलंच नाहीत."

"मागे काय आहे?"

ती हसली. "हा प्रश्न मी विचारायचे."

खरंच, मी कधी वळलोच नव्हतो. दारातून आत येणारा समोर बघतो. मी उंबऱ्याच्या जरा आत, बुवा कीर्तनाला उभे राहत त्या जागी परत आलो आणि मागे वळलो. बुवांच्या डाव्या हाताला, जरा मागे, एक पेटी ठेवलेली होती. तिच्यापुढे एक रिकामं आसन.

"तू ठेवलीस?"

"नाही. शनिवारी अण्णा आणि तुम्ही गेल्यावर बुवांनी ठेवायला लावली. मला आधी कळेना ते काय मागताहेत. डाव्या हाताने भाता ओढून दाखवला, उजवा जमेल तेवढा पुढे धरून. जागा बरोबर हवी म्हणून चारदा हलवायला लावली. आणि मग माझ्याकडून सगळ्या कॅसेटी एकेक करून लावून घेतल्या, त्यांना हवं ते मिळेपर्यंत. दाबा ना."

मी दाबलं. मला वाटलं बुवांचा आवाज येईल. नाही आला. पेटी आली. फक्त पेटी. पद आणि पद यांच्यामध्ये बुवा दम घ्यायला थांबायचे तेवढ्या वेळात मी एकटा वाजवायचो, कुणाचं लक्ष नसायचं, तबलासुद्धा हळू व्हायचा. तेवढाच तो तुकडा. ती जागा त्यांनी शोधून काढली होती.

तुकडा लहान होता. सूर धरलेला असतानाच तो संपला, बुवा पुढचं पद उचलतील त्याच्या आधी.

मी उठलो, कोपऱ्यातली माझी पेटी पुढे ओढली, तोच सूर लावला आणि धरून ठेवला.